एका पंखाची पाहुणी

साखऱ्याच्या शिवारात आता शाळू फारसं कुणी पेरत नाही. खरिपात सोयाबीन, पाण्याची सोय असेल त्याची हळद, नाहीतर हरभरा. ग्यानबा मात्र घरच्या भाकरीपुरती आणि म्हशींच्या कडब्यापुरती शाळूची एक पट्टी दरसाल धरतो. त्यामुळे होतं काय, पौषात दाणा दुधावर आला की आजूबाजूच्या सगळ्या शिवारांतले पोपट त्या एका पट्टीवर येऊन पडतात. आणि पोपट काही चिमणीसारखा नुसता दाणे टिपून जात नाही. तो कणीस खुडतो, दोन दाणे खातो, बाकीचं खाली टाकतो आणि पुढच्या ताटावर जाऊन बसतो.

त्यांना हाकलायचं काम आशाबाईचं. ती ग्यानबाची थोरली बहीण, पन्नाशी उलटलेली. शेतातल्या आखाड्यावर ती एकटी राहायची. पत्र्याची एक खोली, पुढं सारवलेला ओटा, शेजारी म्हशींचा गोठा आणि समोर पिकात चार मेढी रोवून उभा केलेला माळा. ग्यानबा, त्याची बायको रुपा आणि पोरं गावात. सकाळी ग्यानबा दुधाला यायचा, संध्याकाळी पुन्हा यायचा, धार काढून किटली घेऊन जायचा. मधला सगळा दिवस आशाबाईचा आणि पाखरांचा.

तिला हट्टा गावी दिली होती. मूलबाळ झालं नाही म्हणून नवऱ्याच्या घरी दुसरीची बोलणी चालू झाली, ती तिला बाहेरूनच कळली. त्या वर्षी पंचमीला ती माहेरी आली, ती न्यायला कुणी आलंच नाही. बाप वाट बघून बघून थकला, मग एक दिवस म्हणाला, "आशे, थोडे दिवस आखाड्यावर राह्य. घरात आल्यागेल्याची तोंडं लागतेत." ते थोडे दिवस अजून संपले नव्हते. बाप गेला, आई गेली, ग्यानबाचं लग्न झालं, त्याची पोरं कॉलेजला जायला लागली. आशाबाईला कुणी वाईट वागवलं नाही. दिवाळीला लुगडं यायचं, सणाला ताट यायचं. पण ताट यायचं. तिला घेऊन जायला कुणी यायचं नाही.

दिवसभर माळ्यावर उभं राहून "हाऽऽ हाऽऽ" करून तिचा आवाज घोगरा झाला होता. तेवढ्यासाठीच तो लागायचा. गोफणीत तिचा हात मात्र बसलेला होता. दगड भिरकावताना दोरीचा असा फटाका काढायची की नुसत्या आवाजानं थवा उठायचा. दगड ती नेहमी थव्याच्या वरून सोडायची. पाखरं उठवायची असतात, मारायची नसतात, असं तिच्या बापानं तिला लहानपणी शिकवलं होतं.

त्या दिवशी तसं झालं नाही. आदल्या संध्याकाळी ग्यानबाबरोबर रुपा आली होती. पट्टीतून फिरताना खाली पडलेली कणसं बघून ती बोलून गेली, "आक्का, तुमी शेतात असून नसून सारखंच झालं बगा. निम्मं पीक तर पाखरंच नेऊन राह्यलेत."

 ते वाक्य घेऊन आशाबाई झोपली आणि ते घेऊनच उठली. सकाळी धुकं होतं. थवा किलकिलाट करत उतरला. तिनं गोफण फिरवली आणि या वेळी वरून सोडली नाही. दगड थव्याच्या मधोमध गेला. सगळा थवा उठला आणि एक पाखरू उठता उठता गिरकी खाऊन ताटांत पडलं.

ती माळ्यावरून उतरली. पोपट दोन ताटांच्या मधल्या ढेकळांवर पडला होता. एक पंख अंगाला मिटलेला, दुसरा उलटा होऊन मातीत पसरलेला, त्यातून हाडाचं टोक बाहेर आलेलं. डोळे उघडे होते आणि तो तिच्याकडे बघत होता. तिनं हात पुढं केला तशी त्यानं तिच्या बोटाचा लचका तोडला. रक्त आलं. आशाबाईनं बोट काढून घेतलं नाही. दुसऱ्या हातानं पदर टाकून त्याला उचललं, तेव्हा पदरातून त्याचं काळीज तिच्या तळव्याला लागत होतं. इतकं जोरात धडधडत होतं की ते फुटेल असं तिला वाटलं.

ग्यानबा दुधाला आला तेव्हा पोपट टोपल्याखाली होता आणि आशाबाई जखमेवर हळद लावायला बघत होती.

"सेनगावला नेतोस का मला?" ती म्हणाली.

"काहून? काय झालं?"

तिनं टोपलं वर करून दाखवलं.

ग्यानबा हसलाच. "पाखरासाठी सेनगावला? आक्का, लोक हसतेन ना."

"हसू दे. म्या मोडलंय त्याला."

ग्यानबानं तिच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या वर्षांत आक्कानं कुठं न्यायला सांगितलं नव्हतं. जत्रेलासुद्धा नाही. त्यानं किटली खाली ठेवली आणि गाडी वळवून घेतली.

सेनगावच्या जनावरांच्या दवाखान्यात पुष्कर नावाचे तरुण डॉक्टर होते. मूळचे नांदेडचे. बाहेर म्हशी आणि शेळ्या बांधलेल्या, आणि त्यांच्यामध्ये मांडीवर टोपलं घेऊन आशाबाई. लोक वाकून वाकून बघत होते. डॉक्टरांनी टोपल्यात बघितलं आणि खरं तेच सांगितलं, "मावशी, मी गाई-म्हशींचा डॉक्टर. पोपटाला कधी हात लावला नाही. थांबा, विचारतो कुणाला तरी." त्यांनी कुणाशी तरी फोनवर बराच वेळ बोलून घेतलं, कागदावर औषधाचं प्रमाण लिहून घेतलं आणि परत येऊन म्हणाले, "हाड जुळण्यासारखं नाही. पंख काढावा लागेल. भूल दिल्यावर उठेल की नाही, तेही सांगता येत नाही. करू?"

"केलं न्हाई तर?"

"मग जखम सडेल."

"करा," आशाबाई म्हणाली.

ती बाहेर बाकावर बसून राहिली. ग्यानबा चहा प्यायला गेला. येताना तिच्यासाठी कपात घेऊन आला, तो तिच्या हातातच गार झाला. शेवटी डॉक्टरांनी आत बोलावलं. पोपट टॉवेलवर बसला होता, डुलत होता. एका बाजूला पट्टी आणि मानेभोवती एक काळपट पारदर्शक झालर. जुन्या एक्स-रेची फिल्म गोल कापून त्यांनी ती बसवली होती, चोचीनं पट्टी तोडू नये म्हणून. झालरीवर कुणाच्या तरी बरगड्या दिसत होत्या.

"आणि मावशी, हा पोपट नाही," डॉक्टर म्हणाले. "नराच्या गळ्याला कंठी असते, काळी-गुलाबी. हिला नाही. म्हणजे बहुतेक मादीच."

आशाबाईनं वाकून गळा बघितला. सकाळपासून ती त्याला 'राघू बाबा, राघू बाबा' करत होती.

डॉक्टरांनी औषधाचे थेंब कसे द्यायचे ते दाखवलं. ऊब ठेवा, अंधार ठेवा, मिरच्या देऊ नका, भिजवलेली डाळ, पेरू, मऊ भात द्या. तोल जाणार, म्हणून उंच बसवू नका. मग जरा थांबून म्हणाले, "अजून एक. हे रानातलं पाखरू आहे. घरात पाळायला कायद्यानं बंदी आहे. मला वनखात्याला कळवावं लागेल. जखम भरेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या, असं सांगतो मी त्यांना."

"मंग पुढं?"

"पुढं ते बघतील."

तेव्हा आशाबाईनं त्यावर फार विचार केला नाही. पाखरू जगतंय की नाही, याचाच घोर होता.

दोन दिवस त्या पाखरानं काही खाल्लं नाही. आशाबाईनं खोलीच्या कोपऱ्यात जुन्या वाकळेची घडी अंथरली, बोरीची एक काटकी साल काढून, तिला चिंध्या गुंडाळून जमिनीपासून वीतभर वर बांधली. पण ते काटकीवर चढायचं नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचं. डाळ ठेवली, बघितली नाही. भात ठेवला, त्यात पाय देऊन बसलं. औषध द्यायला फडक्यात धरलं की जीव खाऊन ओरडायचं आणि सापडेल तिथं चावायचं. आशाबाईच्या बोटांना चिंध्या, पाखराला पट्टी.

"चाव बाई, चाव," ती म्हणायची. "तुपला हक्कच हाय तो."

असं पाखराचं नाव बाई पडलं.

तिसऱ्या दिवशी आशाबाई शाळूच्या पट्टीत गेली आणि चांगलं भरलेलं, दुधावरचं एक कणीस मोडून आणलं. ज्या कणसांसाठी वर्षानुवर्षं दगड मारले, त्यातलं एक आपल्या हातानं मोडताना तिला कसंतरीच झालं. कणीस तिनं वाकळेवर ठेवलं आणि चुलीकडं जाऊन पाठमोरी बसली. बराच वेळ काही नाही. मग कुरतडल्याचा बारीक आवाज आला. तिनं वळून बघितलं नाही. चुलीत लाकूड सारायचं होतं, तेही सारलं नाही, आवाज होईल म्हणून.

त्यानंतर रोज एक कणीस. माळ्यावर ती जायची, पण गोफण खुंटीवरच राहिली. तिच्याऐवजी ती पत्र्याचं डबडं बडवायची. ग्यानबानं बाजारातून चमकीची पट्टी आणून चारी बाजूंनी बांधून दिली. वारा आला की ती झगझगायची. पोपटांना आधी भीती वाटली, मग वाटली नाही. पीक थोडं जास्तच गेलं. आशाबाईला ते दिसत होतं आणि ग्यानबालाही. 

एका दुपारी रुपाच आखाड्यावर आली, एकटी. पदरात घरच्या झाडाचे पेरू होते. ओट्यावर टेकून तिनं आत बघितलं. बाई काटकीवर बसून एका पायात हरभऱ्याचा घाटा धरून सोलत होती.

"असं पाय वर करून खाऊन राह्यली, माणसावानी," रुपा म्हणाली.

"डावखुरी हाय," आशाबाई म्हणाली.

रुपा हसली. मग पेरू काढून एक एक ओट्यावर ठेवत तिनं विचारलं, "आक्का, म्या तवा बोलले ते तुमी मनाला लावून घेतलं का?"

"न्हाई."

रुपानं मान हलवली. दोघींनाही ते खोटं आहे हे ठाऊक होतं. पण रुपा लगेच उठली नाही. तिनं पेरूच्या फोडी केल्या, एक बाईपुढं धरली. बाईनं ती घेतली नाही. मग आशाबाईनं तीच फोड घेऊन धरली आणि बाईनं मान पुढं करून अलगद चोचीत घेतली. आशाबाईनं रुपाकडं बघितलं नाही. पण तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते रुपाला दिसलं असणार, कारण घरी जाऊन ती ग्यानबाला म्हणाली, "आक्काला म्या इतक्या वर्सांत असं कधी पाह्यलं न्हाई."

पट्टी निघाली, झालर निघाली. पंख होता तिथं राखी रंगाची उघडी कातडी आणि तिच्यावर हिरव्या पिसांचे बारीक कोंब. बाईला उडता येत नव्हतं, म्हणून ती चढायला शिकली. आधी चोच रोवायची, मग एक पाय, मग दुसरा. अशी ती वाकळेवरून खाटेच्या पायावर, पायावरून सुंभावर जायची. एकदा आशाबाई भाकऱ्या थापत होती आणि बाई मागून आली. लुगड्याच्या काठाला चोच लावली आणि हळूहळू चढत चढत, पाठीवरून, थेट खांद्यावर येऊन बसली. तिची नखं पोलक्यातून रुतत होती. आशाबाईनं हात तसेच धरले. पीठ हाताला वाळत आलं, तव्यावरची भाकरी करपून धूर झाला, तरी ती हलली नाही. कुणाचं वजन आपल्या अंगावर येऊन किती दिवस झाले, याचा तिनं हिशोब केला नाही. करण्यासारखा नव्हताच तो.

ती बाईशी बोलायला लागली. आधी कामाचं: खा, पी, सरक. मग म्हशीचं, मग वाऱ्याचं, मग हट्ट्याचं. तिकडं तिची एक म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. माहेरी आल्यावर काही वर्षांनी हट्ट्याचे भजनी साखऱ्याला सप्त्यासाठी आले होते. त्यातल्या एकानं तिला ओळखलं, "वहिनी" म्हणून हाक मारली. ती लगबगीनं पुढं गेली आणि तिनं विचारलं, "मपली म्हैस कशी हाय?" त्यानं सांगितलं, विकली. बाकी काही विचारलं नाही तिनं, आणि त्यानंही सांगितलं नाही. हे तिनं आजवर कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बाई ऐकत होती की नाही देव जाणे, खांद्यावर बसून तिचे केस मात्र विंचरत होती.

एकच गोष्ट होती. दिवस मावळताना.

दिवस मावळायला लागला की पोपटांचे थवे आखाड्यावरून ओढ्याकाठच्या झाडांकडं परतायचे. आशाबाईला ते दिसायच्या आधी बाईला ऐकू यायचे. ती काटकीवर ताठ व्हायची. मग ओरडायला लागायची. दिवसभर जी हलक्या आवाजात कुरकुरायची, तिचा तो आवाज खोलीत मावायचा नाही. ती धावत दाराकडं यायची, उंबऱ्यावर चढायची, असलेला एक पंख पूर्ण उघडायची आणि वर झेप घ्यायची. मग ओट्यावरून खाली पडायची, कुशीवर. उठायची आणि पुन्हा. वरून कुणीतरी उत्तर द्यायचं, की तो नुसता थव्याचा कलकलाट असायचा, आशाबाईला कळायचं नाही. थवा निघून जायचा. बाई मातीत बसून राहायची, चोच उघडी, धापा टाकत.

आशाबाईनं दार लावून बघितलं. टोपलं उपडं घालून वर वाकळ टाकली. एक दिवस थव्याचा आवाज येऊ नये म्हणून तिनं स्वतःच डबडं बडवलं. बाई दाराच्या आतून ओरडतच राहिली. डबड्याचा आवाज थांबला तेव्हा तिचा चालूच होता. आशाबाई दारात खाली बसली. पूर्वी आखाड्यावर नवीन नवीन असताना, हट्ट्याकडची माणसं लग्नाला वगैरे जायची तेव्हा त्यांच्या जीपा या रस्त्यानं जात. ती बांधावर जाऊन उभी राहायची. लांबून बघायची. जीप निघून गेली तरी धूळ खाली बसेपर्यंत तिथंच.

त्यानंतर तिनं दार लावलं नाही. ओट्याखाली कडबा पसरला, पडली तरी लागू नये म्हणून.

माघ सरता सरता वनखात्याचा गार्ड आला. किसनसिंग त्याचं नाव. मोटरसायकलला मागं पुठ्ठ्याचं खोकं बांधलेलं, त्याला भोकं पाडलेली. आशाबाईला ते खोकं आधी दिसलं, माणूस नंतर.

"मावशी, डॉक्टरसायबांनी सांगितलं होतं. तुमच्यावर काई न्हाई, भिऊ नका. पाखरू तेवढं न्यायचं हाय."

"कुठं?"

"नागपूरला. जखमी पाखरांची जागा हाय तिथं."

"सोडून देतेत का?"

"हिला कसं सोडतील? हिला उडताच येणार न्हाई. ठेवतेत. मोठ्ठी जाळी हाय, झाडाएवढी."

 आशाबाईनं विचारलं, "तिथं हिच्यासारख्या हायेत का अजून?"

"लई हायेत. कुणाला पंख न्हाई, कुणाला पाय न्हाई. पिंजऱ्यातले सोडवलेले हायेत. सगळे एकत्रच."

आत बाई काहीतरी कुरतडत होती. किसनसिंग माणूस चांगला होता. तिच्या तोंडाकडं बघून म्हणाला, "आज न्हाई नेत. जखम अजून ओली दिसतीय म्हणून सांगतो. चार-आठ दिवसांनी येतो परत."

संध्याकाळी ग्यानबाला हे कळलं. तो धार काढता काढता थांबला आणि म्हशीच्या पोटाआडूनच बोलला, "आक्का, मेलं म्हणून सांगू का?"

"काय?"

"पाखरू मेलं, पुरलं, म्हणून सांगतो म्या त्याला. कोन उकरून बगनार हाय? हिथं कुनी येतं का जातं. ऱ्हाऊ दे तुज्यापाशी."

 लहानपणी तिनं याला कडेवर घेऊन शेतात आणलेलं. मोठा झाल्यापासून तो तिच्याशी म्हशीचं, वैरणीचं, पाण्याचं बोलायचा. तिला काय हवं, नको, याबद्दल त्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं आणि तेही खोटं बोलायला.

"बघू," ती म्हणाली.

ते दिवस तिनं कसे काढले तिचं तिला माहीत. सकाळी वाटायचं, ग्यानबाला व्हय म्हणावं. बाई खांद्यावर बसली की वाटायचं, हिला इथं काय कमी आहे. कणीस आहे, पेरू आहे, माणूस आहे. आणि तिकडं गेल्यावर हिच्याशी बोलेल कोण? मग दिवस मावळायचा आणि थवे यायचे. बाई उंबऱ्यावर चढून पंख उघडायची. त्या वेळी ती आशाबाईकडं एकदाही वळून बघायची नाही.

किसनसिंग आला तेव्हा ग्यानबा मुद्दाम आखाड्यावर थांबला होता. तो पुढं झाला, तोंड उघडणार तोच आशाबाई आतून बाईला घेऊन बाहेर आली.

"नको, ग्यानबा," ती म्हणाली. "न्हेऊ दे."

खोक्यात तिनं वाकळेचा तुकडा घातला आणि एक कणीस ठेवलं. एव्हाना दाणा टणक झाला होता, तरी शोधून त्यातल्या त्यात कोवळं आणलेलं. बाईला आत ठेवायला गेली तर तिनं पदर सोडला नाही, नखांनी धरून ठेवला. एक एक नख सोडवावं लागलं. सोडवताना बाई चावली, पहिल्या दिवसासारखी नाही, हलकेच. झाकण लावल्यावर आशाबाईनं भोकातून बोट आत घातलं. आतून काही आलं नाही.

"ही डावखुरी हाय, त्यांना सांगा," ती किसनसिंगला म्हणाली. "आन् मिरच्या देऊ नका म्हणा."

"सांगतो मावशी."

गाडी बांधावरून रस्त्याला लागली. ग्यानबा तिच्याजवळ उभा होता.  तो म्हणाला, "गावात चल आज. रुपानं पिठलं केलंय."

"म्हशीला कोन बघील?" आशाबाई म्हणाली आणि गोठ्यात गेली.

शाळू काढली, कडबा रचला. यंदा पोती कमी भरली. रुपानं ती मोजली, पण आशाबाईसमोर नाही. ऊन वाढलं, रान उघडं पडलं. पीकच नाही म्हटल्यावर पोपटांनी यायचं कारण नव्हतं. माळ्याची लाकडं सोडून ग्यानबानं गोठ्याच्या छपराला लावली. आशाबाईला आवाज लावायचंही काही काम राहिलं नाही. कधी कधी दोन दोन दिवस ती ग्यानबाच्या "आक्का, किटली दे" एवढ्यावरच असायची. खोलीतली चिंध्या गुंडाळलेली काटकी तिनं काढली नव्हती. सारवताना तिच्याभोवतीनं हात फिरवायची.

वैशाखात एक दिवस किसनसिंग रस्त्यानं जाता जाता आत वळला. ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि खिशातून फोन काढला.

"मावशी, तुमच्यासाठी मागवून घेतलंय खास. बगा."

फोनवर मोठी जाळी होती. आत वाळलेल्या फांद्या बांधलेल्या आणि त्यांच्यावर पोपटच पोपट. हिरवे, सगळे हिरवे. कुणी एका बाजूला कललेला, कुणी एका पायावर, कुणी जाळीला चोचीनं धरून चढणारा. एकमेकांच्या अंगावरून जात होते, भांडत होते, ओरडत होते. तो कलकलाट फोनमधून बाहेर आला तशी गोठ्यातल्या म्हशीनं मान वर केली. आशाबाईनं फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ आणला. पंख नसलेले बरेच होते. गळ्याला कंठी नसलेले बरेच होते. पायात काहीतरी धरून खाणारेही होते, पण कोणता पाय, ते बघेपर्यंत चित्र पुढं जायचं.

"परत लावा," ती म्हणाली.

किसनसिंगनं परत लावलं. मग आणखी एकदा.

"कोनती?" तिनं विचारलं.

किसनसिंग वाकून बघायला लागला. "यातच हाय की. ही... न्हाई, ही असंल." तो ओशाळला. "मावशी, मला बी काय ओळखू येईना. विचारू का त्यांना?"

"नको." तिनं फोन त्याच्या हातात दिला. मग म्हणाली, "बरंच झालं. मिसळली म्हणायची सगळ्यांत."

किसनसिंग गेला. ऊन पत्र्यावर तापत होतं. आशाबाई ओट्यावरच बसून राहिली. फोनमधला कलकलाट अजून कानात होता आणि त्यातला एक आवाज वेगळा काढता येतो का, हे ती डोळे मिटून बघत होती. येत नव्हता. संध्याकाळी ग्यानबा आला, तेव्हा ती तिथंच होती. त्यानं धार काढली, किटली भरली आणि जाताना थांबून विचारलं, "आक्का, काय झालं?"

"काई न्हाई," ती म्हणाली. आणि तो वळला तेव्हा तिनं त्याला हाक मारली. "ग्यानबा, बस की जरा."

त्यानं किटली खाली ठेवली आणि तिच्या शेजारी ओट्यावर टेकला. दोघं कितीतरी वेळ उघड्या रानाकडं बघत बसले.